आईचं न धरलेलं मौन

आमच्या आईइतकं बोलणारं माणूस सबंध बालाजी घाटाच्या परिसरात नव्हतं, आणि हे मी कौतुकानं सांगते आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, दशाश्वमेधावर यात्रेकरूंची धार्मिक कृत्यं करायचे. नागपूरकडून, खानदेशातून, कोकणातून माणसं यायची. कुणी अस्थी घेऊन आलेलं असे, कुणी नुसतंच गंगापूजनाला. सकाळी ती अण्णांबरोबर घाटावर असायची आणि दुपारी आमच्या घरी जेवायला. अण्णा मंत्र सोडले तर फारसं बोलत नसत. घरातलं उरलेलं सगळं बोलणं आईच्या वाट्याला आलं होतं आणि तिनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

तिच्या तोंडाचा पट्टा चालू झाला की पाहुण्यांना तुमचं गाव कुठलं, मुली किती, तिकडे मेथीची जुडी केवढ्याला, इथपासून सगळं सांगावंच लागे. मी लहानपणी तिची नक्कल करायचे आणि सगळे हसायचे. पण मोठी झाल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नवऱ्याच्या अस्थी सोडून आलेली बाई पानावर बसायची ती भाताला हात न लावता. आई तिच्यासमोर वाढायला वाकायची आणि सांत्वनाचा एक शब्द न काढता विचारायची, "काय हो, ते घोरायचे का?" बाई आधी चमकायची. मग सांगायला लागायची. बोलता बोलता तोंडावर पदर धरून एकदा हसायची, आणि मग जेवायची. अण्णांनी सकाळभर म्हटलेल्या मंत्रांनी जे होत नसे ते आई आमटीच्या वाढपात करून टाकायची. हे अण्णाच म्हणायचे.

म्हणून त्या हिवाळ्यात काय झालं ते आम्हाला लगेच कळलं नाही. नव्वदीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. आई पोळी वाढत होती. "आणखी एक घ्या, पातळ आ—" एवढं म्हणून ती थांबली. डोळे गच्च मिटलेले, पोळी हातात तशीच. क्षणभरानं डोळे उघडून तिनं वाक्य पुरं केलं. आम्हाला वाटलं जीभ चावली. मी हसलेसुद्धा.

पुढे ते वरचेवर होऊ लागलं. डाव्या नाकपुडीपासून गालात, वरच्या हिरडीत एकदम वीज चमकायची आणि जायची. जायची ती कुठंही मागमूस न ठेवता, आणि पुन्हा यायची. गार पाणी तोंडावर घेतलं की यायची. चमकी नाकात हलली की यायची, म्हणून तिनं चमकी काढून ठेवली. घास चावला की यायची. गंगेवरून वारा आला तरी यायची, आणि आमच्या घरात तो वारा सोडून दुसरं काही फारसं यायचं नाही. सगळ्यात जास्त यायची ती बोललं की.

दात दुखतोय असंच सगळ्यांना वाटलं. आईलाही. गोदौलियाच्या बाजूला एक दातांचा डॉक्टर होता. त्यानं दाढ काढली. दुखणं तसंच राहिलं, तेव्हा शेजारची काढली. दोन्ही दाढा चांगल्या होत्या हे आम्हाला पुढे समजलं. मग काढे झाले, नाकात तेल सोडून झालं. आत्यानं दृष्ट काढली. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन आमच्याकडे राहायला आलेली. गल्लीतल्या मराठी घरांत तिच्या शब्दाला वजन होतं आणि ते वजन ती रोज मोजून घ्यायची.

आषाढ लागेपर्यंत आईनं बोलणं सोडलं. एका दिवसात नाही. आधी लांबलचक गोष्टी गेल्या, मग विचारपूस गेली, मग फक्त हो-नाही उरलं, मग तेही गेलं. मला हाक मारायची तर ती टाळी वाजवायची. चावता येत नव्हतं म्हणून दूध आणि पेज. वारा लागू नये म्हणून पदर डोक्यावरून ओढून गालावर धरलेला, पण गालाला लागू न देता. स्वयंपाक मात्र तिनं एक दिवस टाकला नाही. फोडणी देताना कळ आली तर पळी धरून उभी राहायची, कळ गेली की मोहरी जळाली का ते बघायची. मी तिच्याकडे बघून घाबरून जायचे. तिला हाताशी धरून रडावं असं वाटायचं, पण तिला रडणारी माणसं आवडत नसत.

आणि इथंच तो घोटाळा झाला. देवशयनी एकादशी होऊन चातुर्मास लागला होता. आमच्यात चातुर्मासात कुणी काही सोडतं, कुणी काही धरतं. कुणी वांगं सोडतं, कुणी मौनानं जेवतं. साताऱ्याकडची एक यात्रेकरू बाई आमच्याकडे जेवायला होती. तिनं आईला दोनदा काही विचारलं, आई बोलली नाही. तेव्हा तिनं भक्तिभावानं विचारलं, "वहिनी, चातुर्मासाचं मौन धरलंत वाटतं?" आईला मान हलवून नाही म्हणायचं होतं. मान हलवली की कळ येते म्हणून ती जपून हलवायला गेली, आणि कळ आलीच. तिनं डोळे मिटले. कळ जाईपर्यंत अगदी स्तब्ध बसून राहिली. बाईनं हात जोडले. डोळे उघडले तेव्हा आईच्या पायांवर तिचं डोकं होतं.

झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. ही, एवढी बोलणारी, हिनं मौन धरलं! दुसऱ्या कुणी धरलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता, पण आईनं धरलं म्हणजे केवढा त्याग. त्यात नुसतं दूध पिऊन राहते. त्यात दागिना उतरवून ठेवला. बायका येऊन पाया पडायच्या, केळी ठेवून जायच्या. आईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पूर्वी संताप आला की ती बोलून मोकळी व्हायची. आता पातेली आपटायची, आणि बायका एकमेकींना हळूच सांगायच्या, बघा, कामातसुद्धा खंड नाही.

आत्याला मात्र हे सगळं मानवलं. येणारीला ती दारातच सांगायची, "बोलू नका तिच्याशी, व्रत आहे." मी भांडले तर म्हणाली, "अगं, लोक परेशान करत नाहीत, ते बरंच की. दुखतंय म्हणून सांगितलं तर दिवसभर शंभर दवा सांगायला येतील." यात तथ्य होतं, म्हणून मला आणखी राग आला.

मी तेव्हा एम. ए.ला होते. वर्गातल्या एका मुलीच्या काकांना असंच काहीसं झालं होतं. तिनं सांगितलं की हे दातांचं नव्हेच. मोठ्या इस्पितळात मेंदूचे आणि नसांचे डॉक्टर आहेत, त्यांना दाखव. मी घरी येऊन जाहीर केलं. आत्या म्हणाली, "दिमागाचा डॉक्टर? तिला काय वेड लागलंय?" अण्णा पोथी गुंडाळत होते. त्यांनी वर न बघता एवढंच म्हटलं, "ने तिला. उद्याच ने."

श्रावणातल्या उकाड्यात आई शालीनं तोंड झाकून रिक्षात बसली. कोपऱ्यावरच्या दोन बायकांनी तिला नमस्कार केला. तिनं माझ्याकडे बघितलं. बोलता येत असतं तर तिनं काय म्हटलं असतं ते मला स्पष्ट ऐकू आलं आणि मी वाटभर हसत होते.

त्या डॉक्टरांना मी आजही मनात नमस्कार करते. ठेंगणे, केस पांढरे, टेबलावर कागदांचा पसारा, बाहेर व्हरांड्यात माणसांची रीघ. मी भडाभडा सांगायला लागले तसे ते मला म्हणाले, "आप नहीं बिटिया. ये बताएँगी. जितनी देर लगे." मग खुर्ची आईसमोर ओढून बसले आणि खरंच थांबले. बाहेर चपराशी पुढच्याचं नाव पुकारून दमला. आईनं बोलायचा प्रयत्न केला, कळ आली, ते थांबले. पुन्हा प्रयत्न, पुन्हा कळ. तेव्हा ते म्हणाले, "रहने दीजिए. बस दिखाइए, कहाँ."

आईनं बोट उचललं. नाकपुडीच्या कडेकडे नेलं आणि त्वचेच्या अलीकडेच थांबवलं. तिथून हवेतच रेघ ओढत गालावरून हिरडीकडे आणलं. गालाला बोट लागलं नाही.

डॉक्टर मागे टेकले. मला म्हणाले, "देखा? दाँत दुखे तो आदमी गाल पकड़कर आता है. माताजी की उँगली गाल तक पहुँची ही नहीं." कित्येक महिने ते बोट मी रोज बघत होते. आत्या बघत होती, अण्णा बघत होते, दाढा काढणारानं बघितलं होतं. बघितलं सगळ्यांनी. त्या माणसानं मात्र ते ओळखलं, आणि ओळखायला त्याला यंत्र लागलं नाही. पुढे त्यांनी डोक्याचा फोटो वगैरे काढायला लावला, आत दुसरं काही नाही ना याची खात्री केली. पण दुखण्याचं नाव त्यांनी तिथेच सांगितलं. चेहऱ्याची संवेदना नेणारी एक नस असते, तिचं हे दुखणं.

मग त्यांनी गोळीबद्दल सांगितलं, आणि तेही सरळ. "ये मिर्गी की गोली है. और मिर्गी आपको नहीं है. दोनों बातें याद रखिए." कार्बामाझेपिन हे नाव त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं. मिरगीत मेंदूतल्या नसा उगीचच्या उगीच पेटतात, इथे चेहऱ्याची एकच नस तशी पेटते, गोळी दोन्हींनाही शांत करते, असं त्यांनी समजावलं. आमच्या गल्लीत वर विजेच्या तारांचं जाळं होतं आणि माकडं त्यांवरून उड्या मारायची. वरचं आवरण गेलेली तार कशी ठिणग्या टाकते हे आईला वेगळं सांगायला नको होतं. तिनं खिडकीबाहेरच्या तारेकडे बोट करून, असंच ना, म्हणून खुणेनं विचारलं आणि डॉक्टर खूश झाले. गोळी थोडीथोडी वाढवायची, मधूनमधून रक्त तपासायचं. झोप येईल, चक्कर येईल. अंगावर पुरळ आलं, ताप आला, तोंड आलं तर थांबायचं नाही, ताबडतोब यायचं. मनानं बंद करायची नाही. हे सगळं त्यांनी आईकडे बघून सांगितलं, माझ्याकडे बघून नाही.

औषधाच्या दुकानात मात्र व्हायचं ते झालंच. दुकानदारानं चिठ्ठी वाचून भर गर्दीत विचारलं, "घर में दौरे किसको पड़ते हैं?" आमच्या ओळखीचं कुणीतरी तिथं उभं असावं, कारण गोळी आमच्या घरी पोचायच्या आधी बातमी पोचली. बातमी आणणाऱ्याला आत्यानं, गोळी कुणा यात्रेकरूची आहे, असं सांगून वाटेला लावलं होतं; मला मात्र तिनं दारातच धरलं. "घरात लग्नाची मुलगी आहे आणि तू फिटची दवा आणलीस? आई फिटवाली म्हटल्यावर हिला कोण करून घेणार?" आई शाल काढत होती. तिनं आत्याकडे बघितलं, माझ्या हातातून पाकीट घेतलं, एक गोळी काढली आणि पेजेबरोबर गिळली. तेवढंच तिचं उत्तर.

पहिले काही दिवस ती भिंतीला धरून चालायची. बसल्या जागी झोपायची. कधी कधी एकाची दोन माणसं दिसायची. हे तिनं पुढे आम्हाला सांगितलं. म्हणाली, "समोर दोन वन्सं उभ्या, दोघी एकदम बोलतायत. मला वाटलं, देवा, दुखणं परत दे." मी डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी गोळ्या घेण्याच्या वेळा बदलून दिल्या आणि दम धरायला सांगितलं. आईनं दम धरला. चिडली, पेंगली, पण गोळी चुकवली नाही.

आणि एका सकाळी मी आमटीला उकळी आणत होते, तर मागून आवाज आला, "मीठ जास्त पडलंय."

मी वळून बघितलं. आई चमच्यानं आमटी चाखत उभी होती. ती स्वतःच दचकली होती. तिनं हळूच पुन्हा म्हणून बघितलं, "मीठ... जास्त पडलंय." काही झालं नाही. वीज चमकली नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तशी म्हणाली, "आता आणखी खारट करू नकोस." मी तिला मिठी मारली. गाल सांभाळून.

इथं ही हकीकत संपायला हवी होती, पण मौनाचं काय करायचं? त्याच आठवड्यात अण्णांना घाटावर एका जुन्या यजमानानं विचारलं होतं, "वहिनींचं उद्यापन केव्हा?" व्रत धरलं की त्याची सांगता विधीनं करावी लागते, ते उद्यापन. आणि अण्णा, ज्यांनी उभ्या जन्मात खोटं सांगितलं नव्हतं, ते म्हणून गेले, "कार्तिकात." आईनं त्यांना रात्री जेवताना धारेवर धरलं. किती महिन्यांनी ती त्यांच्यावर ओरडत होती, आणि अण्णांचा चेहरा असा फुलला होता की तिला नीट ओरडताही येईना.

"संकल्पच सोडला नाही तर उद्यापन कसलं करता?" ती म्हणाली.

"चार माणसांना जेवायला घालायला संकल्प लागत नाही," अण्णा म्हणाले. मग हळू आवाजात, "नाही म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं, मग काय झालं होतं. मला तो शब्द तोंडातून काढवला नाही. हिचं व्हायचंय अजून."

आई माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, मला असल्या लग्नाची पडलेली नाही. ती म्हणाली, "तुला नसेल. मला आहे." नुकताच परत मिळालेला आवाज तिनं माझ्यासाठी घडी घालून ठेवला. घरात बोलायची, दाराबाहेर पाऊल पडलं किंवा पाहुणे पानावर बसले की गप्प. मला तिचं फार कौतुक वाटायचं आणि तितकाच रागही यायचा. नुसतं बोलायला मिळावं म्हणून बाईनं एवढं सोसलं, आणि बोलता यायला लागल्यावर पुन्हा गप्प.

मध्येच हरतालिका आली. आईनं नेहमीप्रमाणे पाण्याचा थेंबही न घेता उपास केला. पाणी नाही तर गोळीही नाही. मला ते लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी गणपतीची आरती म्हणताना तिचा आवाज एकदम तुटला, आणि तिनं चौरंगाची कड धरली. पुन्हा घडी बसायला काही दिवस गेले. त्यानंतर ती उपासालाही गोळी घ्यायला लागली. आत्यानं नाक मुरडलं तेव्हा म्हणाली, "देवाला चालतं. मी विचारलं त्याला." पण त्या दिवसापासून एक गोष्ट तिच्या मनात पक्की झाली. आपल्याला बरं केलं ते गोळीनं, दुसऱ्या कशानं नाही.

बाहेर मात्र उलटीच गोष्ट वाढत होती. आईचा चेहरा सुधारलेला दिसत होता, पदर गालावरून गेला होता. कुणी विचारलं तर आत्या तिखटमीठ लावून सांगायची, "होता थोडा गालाचा त्रास. मौनानं गेला."

कार्तिकी एकादशीनंतर उद्यापन झालं. घर बायकांनी भरून गेलं. आमच्याकडे असं मानतात की दीर्घ मौनानंतर तोंडातून निघालेला पहिला शब्द खरा होतो. म्हणून सगळ्यांना तो शब्द हवा होता. कुणाच्या मुलाला बँकेत चिकटायचं होतं, कुणाच्या सुनेला मूल हवं होतं. आत्यानं कुणी कुठं बसायचं ते ठरवून टाकलं होतं, आणि पहिलं वाक्य तिनं घरासाठी राखून ठेवलं होतं. "हिचं लग्न या वर्षी होऊ दे, एवढंच म्हण," असं तिनं आईला सकाळपासून बजावलं होतं. आई हो म्हणाली नव्हती, पण नाहीही म्हणाली नव्हती. अण्णा पूजा मांडून बसले होते आणि कुणाच्याच नजरेला नजर देत नव्हते.

आई पाटावर बसली. तेवढ्यात दारातून एक सून आपल्या सासूला हाताला धरून पुढे घेऊन आली. राजा घाटाच्या बाजूला राहणाऱ्या काकू. पूर्वी देवळात भेटायच्या, पण बऱ्याच दिवसांत दिसल्या नव्हत्या. फार वाळल्या होत्या. सून घाईघाईनं बोलली, "मावशी, पहिला शब्द यांना द्या ना. यांच्या गालात कित्येक वर्षं असंच होतंय. दाढा काढून झाल्या. डॉक्टरकडे चला म्हटलं तर बिलकुल ऐकत नाहीत. म्हणतात, त्यांचं मौनानं गेलं, माझंही जाईल. एकादशीला देव उठल्यापासून एक शब्द बोलल्या नाहीत. आता जेवणही सोडलंय."

कुणीतरी खिडकी उघडली असावी. गंगेवरून वारा आला. काकूंनी डोळे गच्च मिटले आणि हात गालाकडे नेला. हात गालाच्या अलीकडेच थांबला.

आईनं ते बघितलं. मी आईकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. ती पाटावरून उठली, काकूंच्या समोर खाली बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आपल्या जुन्या, खणखणीत आवाजात म्हणाली, "काकू, उद्या सकाळी माझ्याबरोबर डॉक्टरकडे चला."

आई पुढे बोलत राहिली. "मी व्रत धरलं नव्हतं. माझ्यानं बोलवत नव्हतं. तुम्हाला होतं तेच मला होतं, इथून इथपर्यंत. मौनानं काहीसुद्धा गेलं नाही. गोळीनं गेलं. मिरगीवरची गोळी आहे. मला मिरगी नाही, पण गोळी तीच, आणि मी ती रोज घेते. तुमच्या सगळ्यांच्या पाया पडण्यानं मला लाज वाटत होती."

"अगं, लग्नाची मुलगी घरात..." आत्याचा आवाज चिरकला.

"ती इथेच आहे," आई म्हणाली. "तिला विचारा."

सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "रिक्षा मी बोलावते. वारा लागू नये म्हणून शाल घ्या, काकू." अण्णांनी मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते मोकळेपणी हसले आणि त्यांनी उद्यापनासाठी घेतलेलं पाणी न सोडता बाजूला सारलं. काही बायका न जेवता उठून गेल्या. माझं लग्न त्या वर्षी जमलं नाही, हे खरं आहे. जमलं तेव्हा बैठकीत आईनंच चहाच्या आधी गोळीचं नाव सांगितलं, आणि माझे सासरे म्हणाले, बरं झालं, आता निवांत चहा घेऊ.

पण ते पुढचं. त्या दुपारी काकू आईचा हात धरून बसल्या होत्या. त्यांना काहीतरी विचारायचं होतं. कळ येणार हे त्यांना माहीत होतं, आम्हालाही दिसत होतं. आई म्हणाली, राहू द्या, उद्या विचारा. पण त्यांनी मान हलवली. ओठ जेमतेम उघडून त्या म्हणाल्या, "त्या गोळीनं... पोळी चावता येते?"

"येते," आई म्हणाली.

काकूंना कळ आली. त्या डोळे मिटून थांबल्या. आईही थांबली. मग त्यांनी डोळे उघडले आणि सुनेकडे बोट केलं. "हिच्या पोळ्या मऊ असतात. मी टाकून देते. हिला वाटतं, मला आवडत नाहीत."

सून तिथंच सासूच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली.